ओठांची साल निघणे थांबतच नसेल तर काय तपासावे

लक्षणे आधी सांगते, कारण तपासणी कोणत्या बाजूने सुरू करायची हे त्यांवरूनच ठरते.

सकाळी उठल्यावर ओठ ताणल्यासारखे वाटतात. हसताना किंवा जांभई देताना खालच्या ओठाच्या मध्यावर चीर पडते. दुपारपर्यंत पांढरट पापुद्रे सुटू लागतात आणि ते दाताने किंवा नखाने ओढले की खालचा लाल, ओलसर भाग उघडा पडतो आणि तिखट लागताच झोंबतो. बाम लावला की पंधरा-वीस मिनिटे बरे वाटते, मग पुन्हा तेच. आठ-दहा दिवसांत थोडा आराम पडतो आणि काहीच कारण नसल्यासारखे सगळे पुन्हा उलटते. हे चक्र तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालले असेल, तर ‘ओठ फुटले आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्याच्यामागे काहीतरी रोज घडत असते आणि बहुतेक वेळा ते शोधून काढता येते.

आता आरसा घेऊन खिडकीजवळ उजेडात बसावे. साल दोन्ही ओठांची निघते की फक्त खालच्या ओठाची? तोंडाचे कोपरे फाटले आहेत का? ओठांच्या बाहेर, कातडीवर, लालसर किंवा काळपट कडे उमटले आहे का? ओठाचा रंग जिथे संपतो आणि चेहऱ्याची कातडी सुरू होते तिथली रेघ स्पष्ट आहे की पुसट झाली आहे? दोन्ही ओठ सारखेच सोलत असतील तर ओठांना लागणाऱ्या एखाद्या पदार्थाचा संशय आधी घ्यावा. ओठांभोवती कडे असेल तर जिभेचा, फक्त कोपरे फाटले असतील तर कवळीचा, बुरशीचा किंवा रक्तातल्या कमतरतेचा, आणि खालचाच ओठ खरखरीत होऊन रेघ पुसली असेल तर उन्हाचा. बारीक फोडांचा घोस उठला असेल आणि त्याआधी त्या जागी मुंग्या आल्यासारखे झाले असेल, तर तो नागीण वर्गातल्या विषाणूचा ताप-फोड असू शकतो. त्याला या लेखातले उपाय लागू पडत नाहीत.

डिचोलीत मी अठरा वर्षे फार्मसीच्या काउंटरवर बसते. या तक्रारीची माणसे बाराही महिने येतात आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘ओठांना काय लावू?’ मीही स्वतःच्या ओठांसाठी चौदा महिने हाच प्रश्न विचारत राहिले आणि दुकानातले सात प्रकारचे बाम संपवले. खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो ओठांना काय लागते आहे हा आहे. लावणे आणि लागणे यांतला हा फरक ज्या दिवशी लक्षात आला, त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला नवी ट्यूब देण्याआधी जुन्या ट्यूबा दाखवायला सांगते.

गोव्यात राहणाऱ्याला या शोधात एक सोय आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटते आणि डब्यातले पापड मऊ पडतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीकडून येणारा वारा कोरडा असतो, त्या दिवसांत ओठ फुटले तर ते समजण्यासारखे आहे. पण भर श्रावणात, बाहेर पागोळ्या लागलेल्या असताना ज्याचे ओठ सोलतात, त्याने कोरड्या हवेला बोल लावू नये.

दोन आठवडे सगळे बंद

सर्वांत स्वस्त तपासणी हीच, आणि लोक नेमकी हीच टाळतात. ओठांना लागणारे बाम, लिपस्टिक, ग्लॉस, सुगंधी तेल, मध, साखरेचा स्क्रब, सगळे दोन आठवडे बाजूला ठेवावे आणि फक्त साधी, पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली लावावी. एका पावभाजीच्या पैशांत मिळणारी छोटी डबी दोन आठवडे सहज पुरते. दिवसातून सहा-आठ वेळा पातळ थर, रात्री झोपताना जाड थर, आणि शक्यतो ओठ पाण्याने ओले करून, हलके टिपून, लगेच वरून जेली. जेली स्वतः ओलावा देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही, म्हणून कोरड्याठाक ओठावर ती लावण्यात अर्धा फायदा वाया जातो.

ओठांच्या लाल भागावर घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नसतातच, आणि वरचा निर्जीव पेशींचा थर गालाच्या कातडीपेक्षा बराच पातळ असतो. त्यामुळे तिथून पाणी झपाट्याने उडते आणि बाहेरचा पदार्थही तितक्याच सहज आत शिरतो. बाममधला मेंथॉल, कापूर, पुदिना किंवा दालचिनीचे तेल गार किंवा गरम झणझण देते. ती झणझण म्हणजे औषध काम करत असल्याची खूण आहे असे आपण समजतो, पण सोललेल्या ओठाला ती नुसती चेतवत असते. व्हॅनिलाची चव, सुगंध, लॅनोलिन, मधमाश्यांच्या पोळ्यातले प्रोपोलिस, लिपस्टिकमधले एरंडेल, यांपैकी कशाचीही ॲलर्जी एखाद्याला असू शकते, आणि ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या डबीतही हीच नावे असतात.

आपल्याकडचे भिरंडेल मला मनापासून आवडते. भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, बियांचे ते घट्ट तेल आमच्या घरी टाचांच्या भेगांना आणि ओठांना पिढ्यान्‌पिढ्या लागत आले आहे आणि ओठ एकदा बरे झाल्यावर ते खुशाल वापरावे. पण या दोन आठवड्यांत तेही नको, खोबरेलही नको. एका वेळी एकच गोष्ट ओठांवर असली तरच उत्तर कळते. साजूक तूप लहान मुलांना तर मुळीच लावू नये, कारण त्याच्या चवीमुळे मूल ओठ अधिकच चाटते.

पापुद्रे ओढू नयेत. सुटलेले टोक राहवत नसेल तर स्वच्छ नेलकटरने तेवढेच कापावे. ओढलेल्या सालीबरोबर अजून न पिकलेला थरही निघतो, शरीर तो घाईघाईने भरून काढते, तो कच्चाच राहतो आणि पुन्हा सुटतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या पुष्कळशा ‘साल निघण्या’ची गोष्ट एवढीच असते.

जीभ

थुंकी ओठांना ओलावा देते हा समज चुकीचा आहे. ती सुकताना ओठांतले पाणीही घेऊन जाते आणि तिच्यातले अन्न पचवणारे घटक ओठांवर मागे राहतात. शाळकरी मुलांच्या तोंडाभोवती दिसणारे गोल कडे हे बहुतेक वेळा जिभेच्या टप्प्याइतकेच मोठे असते. जीभ जिथवर पोहोचते तिथवर लाली, त्यापुढे कातडी स्वच्छ.

मोठी माणसे ‘मी ओठ चाटत नाही’ असे शपथेवर सांगतात आणि ती खोटे बोलत नसतात, त्यांना खरोखरच ठाऊक नसते. म्हणून घरातल्या कोणाला तरी सांगावे की मी मोबाइल पाहत असताना किंवा हिशेब करत असताना अर्धा तास माझ्याकडे लक्ष ठेव आणि किती वेळा ओठ चाटले, चावले, आत ओढले ते मोज. एका शिक्षिकेच्या मुलीने आई वह्या तपासत असताना मोजले, ते सव्वीस वेळा भरले. त्या बाईंना दुसरे काहीच करावे लागले नाही. वह्यांशेजारी जेलीची डबी ठेवली आणि जीभ बाहेर यायला लागली की बोट डबीत घालायचे, एवढेच केले. मुलांना मात्र रागावू नये. रागावले की ती अधिक चाटतात.

दात घासण्याची पेस्ट

माझा स्वतःचा दोषी इथे सापडला. चवथीला, म्हणजे गणपतीला, आम्ही वाळपईजवळच्या मूळ घरी आठ दिवस राहायला गेलो आणि माझी टूथपेस्ट डिचोलीत विसरली. तिथे जाऊबाईंची साधी पांढरी पेस्ट होती, तीच वापरली. सहाव्या दिवशी नेवऱ्या तळताना माझ्या लक्षात आले की मी सकाळपासून हसते आहे, बोलते आहे, आणि ओठाला चीर पडलेली नाही. बाहेर पाऊस, घरात चुलीचा धूर, तिखट-आंबट सगळे जेवण चालू, आणि तरीही ओठ शांत. घरी परतून माझी लाल, दालचिनीच्या चवीची जेल सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी साल निघाली. तरीही खात्री व्हावी म्हणून मी पेस्ट बंद केली, बरे होऊ दिले, आणि पुन्हा तीन दिवस वापरून पाहिली. ओठांनी पुन्हा तेच उत्तर दिले.

पेस्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी त्रास देतात. एक म्हणजे फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट. तो बहुतेक पेस्टमध्ये असतो आणि कोणाच्याही नाजूक ओठांचे तेल धुऊन नेऊ शकतो. दुसरी म्हणजे चव: दालचिनी, लवंग, पुदिना, त्यांच्या वासाची तेले. ही सर्वांना बाधत नाहीत, पण ज्याला ॲलर्जी झाली त्याला अगदी थोड्या प्रमाणातही बाधतात, आणि वर्षानुवर्षे तीच पेस्ट वापरल्यावर अचानक एके दिवशी ॲलर्जी सुरू होऊ शकते. ‘ही तर मी दहा वर्षे वापरतो’ हा पेस्ट निर्दोष असल्याचा पुरावा होत नाही. लवंग-कापूर घातलेली दंतमंजने, माऊथवॉश आणि च्युइंगम यांनाही हेच लागू आहे.

तपासणी अशी करावी. खोक्यावरची घटकांची यादी वाचून सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली आणि शक्य तितकी सौम्य चवीची पेस्ट घ्यावी. फ्लोराइड सोडू नये, ओठांसाठी दात किडवून घेण्यात अर्थ नाही. घासण्याआधी ओठांना जेलीचा थर द्यावा, वाटाण्याएवढीच पेस्ट घ्यावी, आणि शेवटी चूळ भरून ओठ बाहेरून साध्या पाण्याने धुवावेत. हे पूर्ण चार आठवडे करावे. ॲलर्जीने चिडलेली कातडी शांत व्हायला तेवढा वेळ लागतो. आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून सोडून देणारे लोक नेमके उत्तराच्या उंबरठ्यावरून परततात.

आंबा आणि काजू

फेब्रुवारी ते मे या काळात माझ्याकडे येणाऱ्या ओठांचे मी वेगळे नाव ठेवले असते, इतके ते ओळखू येतात. ओठ सुजल्यासारखे, सालपटलेले, खाजणारे, आणि हनुवटीपर्यंत किंवा गालाच्या एका बाजूला ओघळ गेल्यासारखी लालसर पट्टी. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत. बिब्बा उततो हे आपल्या आजीला माहीत होते. आंब्याच्या चिकात आणि साल-देठाजवळच्या भागात, तसेच काजूच्या बीच्या टरफलातल्या तेलात त्याच जातीचे दाहक पदार्थ असतात.

म्हणून ‘आंबा सोसत नाही’ असे म्हणण्याआधी आंबा खाण्याची रीत पाहावी. घोटां, म्हणजे चोखायचे लहान आंबे, देठाकडून दाताने फोडून चोखली की चीक थेट ओठांच्या कोपऱ्यांत जातो. तोच माणूस मानकुराद आंबा सुरीने सोलून, फोडी काट्याने खातो तेव्हा अनेकदा काहीच होत नाही, कारण दोष मुख्यतः सालीत आणि चिकात असतो, गरात फारसा नाही. आंबा देठ खाली करून चीक निथळू द्यावा, साबणाने धुवावा, देठाकडचा जाड काप काढून टाकावा, सोलून घ्यावा आणि सालीला लागलेला गर दातांनी ओरबाडू नये. ओले काजूगर सोलताना बोटे काळी पडतात. ते काळे डाग म्हणजेच टरफलातले तेल. त्या हाताने घाम पुसला की ते तोंडावर येते. सोलण्याआधी हातांना खोबरेल चोळावे किंवा हातमोजे घालावेत, आणि काम संपेपर्यंत हात चेहऱ्याकडे नेऊ नये.

इथे एक अडचण अशी की ही प्रतिक्रिया लगेच येत नाही. ती एक ते तीन दिवसांनी उमटते, आणि तोपर्यंत माणूस रविवारचा आंबा विसरून बुधवारच्या मासळीच्या हुमणाला दोष देतो. कॅलेंडरवर खाल्लेल्या गोष्टी लिहून ठेवल्याशिवाय हा धागा सापडत नाही. उलट, सोलकढी, लिंबू किंवा मिरची तोंडात घालताक्षणी झोंबली तर ती चिरलेल्या ओठाला आंबट-तिखट लागल्याची वेदना आहे. ती कातडी बरी झाली की आपोआप जाते, आणि त्यासाठी सोलकढी कायमची सोडण्याचे कारण नाही. मात्र कोणतेही फळ खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजत असतील, घसा आवळत असेल किंवा अंगावर गांधी उठत असतील, तर तो वेगळा आणि धोक्याचा प्रकार आहे. ते फळ पुन्हा चाखूनसुद्धा पाहू नये आणि डॉक्टरांना गाठावे.

हात, टाचण्या, सनई

शिंप्याचे काम करणाऱ्या बायका टाचण्या ओठांत धरतात आणि बऱ्याच टाचण्यांत निकेल असते. इमिटेशनच्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. नेलपेंटची ॲलर्जी नखांजवळ न दिसता बोट जिथे जिथे टेकते त्या पापण्यांवर आणि ओठांवर दिसू शकते. फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या पात्या आणि मुखपट्ट्याही ओठांना डिवचतात. देवळात सनई वाजवणाऱ्या एका काकांची साल फक्त वाजवण्याच्या जागीच, ओठांच्या मध्यावर निघत होती.

नाक

रात्री झोपताना ओठ ठीक आणि सकाळी उठताना कोरडे, जीभ टाळूला चिकटलेली, असे रोजच होत असेल तर तोंडाने श्वास चालू आहे. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, गाद्यांना कुबट वास येतो आणि नाक चोंदते. गादी-उशी उन्हात टाकणे, खोलीतली बुरशी पुसणे आणि सलाइनच्या थेंबांनी नाक मोकळे ठेवणे हे घरी करता येते. नाक मोकळे करणारे औषधी थेंब मात्र लागोपाठ चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घालू नयेत, त्यांनीच पुढे नाक चोंदू लागते. घोरणे मोठे असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

चालू असलेली औषधे

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ सोलतात. लग्न ठरलेल्या मुली चेहऱ्याच्या गोळ्यांबद्दल काहीच न सांगता फक्त ओठांसाठी बाम मागतात, म्हणून मी आता मुद्दाम विचारते. ते औषध देणाऱ्या डॉक्टरांना ओठांचे सांगावे, मात्रा कमी करायची की जेलीवर भागवायचे ते तेच ठरवतील. गर्भावस्थेत हे औषध बाळाला गंभीर व्यंग आणू शकते, हे मी त्याच बोलण्यात सांगितल्याशिवाय राहत नाही. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे ऊन अधिक बाधते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. चिठ्ठी घेऊन विचारायला यावे.

फाटलेले कोपरे

कोपऱ्यांचे प्रकरण ओठांच्या सालीपासून वेगळे समजावे. तिथे थुंकी साचते, कातडी भिजून पांढरी पडते, आणि त्या ओलाव्यात कँडिडा नावाची बुरशी किंवा जंतू वाढतात. माझ्या सासऱ्यांची कवळी जुनी होऊन झिजली होती, त्यामुळे तोंड मिटताना कोपऱ्यांशी घडी पडायची. वर्षभर मलमे लावली, थोडे बरे व्हायचे, पुन्हा फाटायचे. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायला लावली आणि दंतवैद्यांकडून तिची उंची नीट करून घेतली, त्यानंतर मलमाने टिकाऊ गुण आला. बुरशीचे मलम घ्यायचे ते एकदा दाखवून घ्यावे, कारण बुरशी, जंतू आणि दोन्ही मिळून, या तिन्हींना औषध निराळे.

कवळी नसेल आणि कोपरे वारंवार फाटत असतील तर आता थोडा खर्च करायची वेळ आली: रक्तातील हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा, बी-12, आणि उपाशीपोटीची साखर. विशेषतः पाळी जास्त जाणाऱ्या बायका, बाळंतीण आणि साठीच्या पुढची माणसे यांनी हे टाळू नये. ‘ओठ फुटले, बी-कॉम्प्लेक्स द्या’ ही आपल्याकडची जुनी सवय आहे. कमतरता असेल तर ती गोळी उपयोगाची आहेच, पण रायबोफ्लेव्हिनच्या, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाच्या, कमतरतेत कोपरे आणि जीभ दोन्ही बिघडतात. चांगले जेवणाऱ्या माणसाच्या, फक्त पेस्टमुळे सोलणाऱ्या ओठांवर तिने काहीही होत नाही आणि महिना मात्र वाया जातो.

ऊन

मालीमच्या जेटीवरून ट्रॉलरवर जाणारे एक तांडेल आमच्या दुकानाच्या मागे राहतात. दोन वर्षे ते माझ्याकडून बाम नेत होते. एकदा संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मी त्यांचा खालचा ओठ नीट पाहिला. ओठाची रेघ पुसून गेली होती, कातडी आणि ओठ एकमेकांत मिसळले होते, आणि डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. तो पुसून निघत नव्हता आणि बोटाला बारीक पॉलिश पेपरसारखा लागत होता. मी त्यांना त्या दिवशी बाम दिला नाही. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोग विभागात पाठवले, तिथे त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासला. वर्षानुवर्षांच्या उन्हाने झालेला, पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा बदल निघाला आणि वेळेत उपचार झाले. दोन वर्षे मी त्या ओठाकडे न पाहता ट्यूब पुढे करत होते, याचे मला आजही वाईट वाटते.

खालचा ओठ वर वळलेला असतो, म्हणून ऊन त्याच्यावर सरळ पडते, आणि समुद्रावर पाण्यावरून उलटलेले ऊनही त्यात भर घालते. मासेमार, मिठागरांत आणि शेतात काम करणारे, दिवसभर पायलटची, म्हणजे भाड्याची, मोटारसायकल चालवणारे, या सगळ्यांनी रुंद काठाची टोपी वापरावी आणि दोन आठवड्यांची तपासणी उरकल्यावर एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिकचा, बिनवासाचा ओठांचा बाम लावावा, दर दोन तासांनी पुन्हा. तंबाखू, विडी आणि चुना लावलेले पान चालू असेल तर धोका वाढतो.

स्टेरॉइडची मलमे

ही तपासणी नाही, पण इथे थांबून सांगितलेच पाहिजे. ओठ सोलतात म्हणून कोणीतरी शेजारी, कोणीतरी दुकानदार, तीन औषधे एकत्र असलेले एखादे मलम देतो आणि दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. बंद केले की लाली दुपटीने येते, पुन्हा लावले जाते, आणि काही महिन्यांत तोंडाभोवती बारीक पुळ्या उठतात व कातडी पातळ होते. ताप-फोडावर लावले तर विषाणू फोफावतो. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवरच विकायच्या यादीत आणली, ती याचसाठी. डॉक्टर कधी सौम्य स्टेरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात आणि ते योग्यच असते. त्यांनी सांगितलेल्या दिवसापुढे ते चालवू नये, आणि घरातल्या दुसऱ्याच्या ओठांना लावू नये. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद करण्यापूर्वी दाखवा.

इथे थांबावे

पुढील गोष्टींत घरची तपासणी करत बसू नये. ओठावरची जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा किंवा लाल डाग पुसून निघत नसेल, गाठ हाताला कडक लागत असेल, किंवा एकाच जागेतून पुन्हापुन्हा रक्त येत असेल, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ किंवा दंतवैद्य गाठावा. बांबोळीला गोमेकॉ आणि गोवा दंत महाविद्यालय दोन्ही आहेत, म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळे आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला पाच दिवस ताप, लाल फुटलेले ओठ, लाल डोळे आणि अंगावर पुरळ असे एकत्र दिसले तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करणारा एक आजार असू शकतो. नवे औषध सुरू केल्यानंतर ओठांची कातडी सोलून निघाली आणि डोळे, तोंडाच्या आतला भाग किंवा गुप्तांगही लाल होऊन दुखू लागले, तर थेट इस्पितळात जावे आणि औषधाचे पाकीट बरोबर घ्यावे. ओठ किंवा जीभ अचानक सुजून श्वास अडत असेल तर 108 ला फोन करावा; रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांनीही असे होते, कधी कधी गोळी सुरू करून कित्येक महिने झाल्यावर.

आणि यांपैकी काहीही नसेल, वरच्या तपासण्या प्रामाणिकपणे सहा आठवडे करून झाल्या असतील आणि तरीही साल निघतच असेल, तर आता पॅच टेस्ट हवी. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर संशयित पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून पाहतात आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा पाहतात, कारण खरी ॲलर्जी उशिरा उमटते. जाताना एका पिशवीत घरातली टूथपेस्ट, बाम, लिपस्टिक, नेलपेंट, दंतमंजन, सगळे खोक्यांसकट न्यावे. घटकांची यादी खोक्यावरच असते आणि आपण खोके आधी फेकतो. त्या दिवसांत पाठ भिजवायची नसते आणि घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये ही तपासणी करण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीतली तारीख मागून घ्यावी.